सतरा नंबरची गाडी

"टॅक्सी हवी होती, स्टेशनला जायला," फोनवरची बाई म्हणाली. "टाकीमागची गल्ली, घर नंबर चार."

वहिनींच्या हातातलं पेन थबकलं. टॅक्सी ऑफिसात वायरलेसवर बसणाऱ्या या बाईला सगळे ड्रायव्हर वहिनीच म्हणायचे, कारण तिचा नवरा त्यांच्यातलाच, सतरा नंबरची गाडी चालवणारा. आणि घर नंबर चार म्हणजे जिथे हा सतरा नंबर नऊ वर्षं गुपचूप जात होता, ते घर. चार महिन्यांपूर्वी सगळं उघडकीला आलं. त्यानं पाय धरले, मुलीची शपथ घेतली, संपलं म्हणाला. तिनं घरात राहू दिलं. विश्वास ठेवायचा की नाही, हे मात्र अजून ठरत नव्हतं. सकाळी ठेवायची, दुपारी काढून घ्यायची.

"पाठवते," म्हणून तिनं फोन ठेवला.

ऑफिसचा नियम साधा. जवळची रिकामी गाडी जाणार, मग ती कुणाच्या का नवऱ्याची असेना. तिनं समोरचा फळा पाहिला. सगळ्यात जवळ होता सतरा. घ्या! दैवालासुद्धा नको तेव्हा चावटपणा सुचतो.

नियम गेला खड्ड्यात, दुसऱ्या कुणालाही देता आलं असतं. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा उठली. काय तो सोक्षमोक्ष लागू दे एकदाचा, असं म्हणत तिनं उभ्यानंच बटण दाबलं.

"सतरा नंबर. टाकीमागची गल्ली, घर चार. स्टेशनला सोडायचंय."

वायरलेस सगळ्या गाड्यांत ऐकू जातो. अठ्ठावीस ड्रायव्हर कान देऊन बसले होते.

"सतरा बोलतोय," शेवटी नवऱ्याचा आवाज आला. "गाडी गरम झालीये. अर्धा तास तरी हलत नाही. दुसऱ्याला द्या."

"पाणी घाल. घाई करू नको," ती म्हणून गेली आणि तिनं जीभ चावली.

नऊ वर्षं हेच वाक्य आणि त्याला हेच उत्तर. आठवड्यातून दोनदा त्याची गाडी गरम व्हायची आणि ही वेडी इथे जिवाला घोर लावून बसायची. गॅरेजवाल्याशी भांडून दोनदा रेडिएटर बदलून घेतला होता तिनं. "गाडीत काही दोष नाही हो वहिनी," असं तो बिचारा कळवळून सांगत होता, तर त्यालाच चोर ठरवून आली होती.

"मी घेतो ते भाडं," पाच नंबरवाले काका बोलले. ड्रायव्हरांत सगळ्यात जुने तेच.

आता गाडी खरंच गरम झाली असेल? की तिकडे जायला नको म्हणून बोलला? की वरवर नाही म्हणून गुपचूप तिकडेच वळला? तिन्ही पटत होती. तिनं दोन फोन घेतले, एक पत्ता चुकीचा लिहिला, खोडला. पाय हलायचा थांबेना. पाच मिनिटांनी तिला राहवलं नाही.

"काका, पोचलात? तिथे... दारात आपली दुसरी गाडी आहे का हो?"

आपली लाज आपणच वेशीवर टांगली, हे तिला कळत होतं.

"नाही गं पोरी," काका म्हणाले. "कुणी नाही इथे."

एवढ्यात नवरा ऑफिसात शिरला. पळत आला असावा, धापा टाकत होता, पण चेहरा कसा, शाळेत पहिला नंबर आल्यासारखा.

"ऐकलंस ना? सगळ्यांसमोर नाही म्हणालो! त्या घराची पायरी चढणार नाही म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चार महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं. उठून त्याचा हात धरावा असंही वाटून गेलं.

"आणि गाडी?" तिनं विचारलं.

"गाडीला काय धाड भरलीये!" तो हसला. "बाहेर उभी आहे ठणठणीत. थाप मारली झालं. तुला कळलंच असेल."

हात धरायला ती उठलीच नाही.

"नाही कळलं," ती म्हणाली. "याही वेळी नाही कळलं."