आप्पांचा माठ

थरच्या वाळवंटात माळढोक पक्ष्यांवर काम करणाऱ्या लेकीकडे आप्पा पहिल्यांदाच आले, तेही सोलापूरहून मांडीवर माठ सांभाळत.

"हा घे, केतकी. आधी घोटभर पाणी दे."

केतकी जागची हलली नाही. घरात पाणी नव्हतंच. वाळवंटी उंदराचं जनुक टोचून घेतल्यापासून इथल्या संशोधकांना तहान लागत नव्हती. जेवणातल्या ओलाव्यावर त्यांचं भागायचं. आप्पांना तिनं हे कळवलं नव्हतं.

शेवटी अंगणात पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी तिनं गाळून आणलं आणि जनुकाचं सांगून टाकलं. आप्पा सावकाश प्यायले.

"म्हणजे तुला तहान लागतच नाही?"

"नाही, आप्पा."

त्यांनी माठ उचलून सावलीच्या कोपऱ्यात नीट टेकवला.

"मला लागते. भरून ठेवत जा. मी येत जाईन."