डावीकडचे पुढचे चाक

"कोनता दाखवू?" भोजराजने विचारले. टिकेश दुकानाच्या पायरीवरून रस्त्याकडे पाहत राहिला.

कोहमाऱ्याच्या चौकात भोजराजचे टायरचे दुकान होते. दारासमोर टिकेशची पिकअप उभी होती. चिचगडहून ती जागेश्वरने चालवत आणली होती. पावसाळ्यापासून गाडीवर रोजीने ठेवलेला हा ड्रायव्हर उद्या रायपूरकडच्या ट्रकवर जाणार होता. गाडीचा मालक मात्र पुढची जागा सोडून मागच्या उघड्या डाल्यात, रिकाम्या पोत्यांवर बसून आला होता.

"यायलेच विचारा," टिकेशची बायको ओमेश्वरी नवऱ्याकडे पाहत म्हणाली.

"तूच पाय," टिकेश म्हणाला. "नवे टायर पाहून गिऱ्हाईक लवकर येईन. विकाचीच त हाये."

गाडी विकण्याची गोष्ट त्याने चारचौघांत आज प्रथमच काढली. ओमेश्वरीने पदर सावरला आणि डावा हात त्याखाली घेतला. त्या मनगटाचे हाड किंचित वाकडे जुळले होते.

पावसाळ्यात डावीकडचे पुढचे चाक फुटून गाडी धानाच्या बांधात शिरली, तेव्हा स्टिअरिंगवर टिकेश होता आणि ओमेश्वरी त्याच्या शेजारी बसलेली होती. फुटलेला टायर रिमोल्ड होता. झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवलेला. असला टायर मागे चालतो, पुढे कधी लावायचा नाही, हे इकडचा प्रत्येक ड्रायव्हर जाणतो. टिकेशही जाणत होता. एकाच खेपेपुरता म्हणून त्याने तो पुढे लावला होता. त्यानंतर गाडी दुरुस्त झाली, पण तो स्टिअरिंगवर बसला नाही.

ओमेश्वरी टायरांच्या थप्प्यांमधून सावकाश हिंडू लागली. गुळाची भेली दाबून पाहावी तसा ती एकेका टायरवर अंगठा दाबत होती. कोपऱ्यात काळी पॉलिश केलेले काही टायर वेगळे ठेवले होते. त्यातल्या एकाच्या कडेवर तिचे बोट अडखळले. तिने ते पुन्हा एकदा तिथूनच फिरवले.

"हा बरा दिसते," ती म्हणाली. "कसा चमकून राहिला."

"वहिनी, टायर हाये. नथ नाई घेऊन राहिल्या तुमी," भोजराज हसत म्हणाला. तो आणखी काही सांगणार होता. पण तिने त्याच्याकडे असे पाहिले की तो टेबलावरचा फडका उचलून उगाच काच पुसू लागला.

"माह्या बाजूनं हाच लावा, भाऊ. समोर."

टिकेश पायरीवरून उठला.

"तो नोको."

"काऊन?"

"रिमोल्ड हाये तो."

"मले काय समजते त्यातलं? सांगान त समजन."

तो जवळ आला. जरा घुटमळला. मग त्याने तिचा डावा हात पदराखालून बाहेर घेतला आणि तिचे बोट टायरच्या कडेवर ठेवले. वाकडे मनगट त्याच्या मुठीत होते. इतक्या महिन्यांत त्याने ते हाती घेतले नव्हते.

"हे पाय. इथं जोड हाये. जुन्यावर नवं चिकटवलं हाये. ह्याले समोर लावत नाई."

"कोनीच?"

महामार्गावरून एक लांबलचक ट्रेलर गेला. त्याचा आवाज हळूहळू विरला.

"कोनीच नाई लावत," टिकेश हलक्या आवाजात म्हणाला.

तिने हात सोडवून घेतला नाही. त्यानेच मग तो अलगद सोडला, आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

पुढचा तासभर टिकेशने भोजराजला बसू दिले नाही. थप्पीतला वरचा टायर त्याला नको होता, खालचा हवा होता. तो बाहेर काढल्यावर त्याने कडेवरचे बारीक आकडे वाचून तो कधीचा आहे ते पाहिले आणि परत ठेवायला लावला. दुसरा उन्हात नेऊन फिरवला, आतून तळहात फिरवला, वासही घेतला.

"भाऊ, टायर घेऊन राहिले का पोरीची सोयरीक जुळवून राहिले?" भोजराजने घाम पुसत विचारले.

"सोयरीक त तरी मोडता येते," टिकेश म्हणाला. पायरीवर चहा पीत बसलेला जागेश्वर ठसका लागेपर्यंत हसला.

अखेर दोन नवे टायर पुढे बसले. उजवीकडचे चाक भोजराजने आवळले. डावीकडे येताच टिकेशने त्याच्या हातातून पाना घेतला. एकेक नट त्याने सगळे अंग टाकून आवळला, मग पहिल्यापासून पुन्हा आवळला. हवा दोनदा मोजली.

जागेश्वरने खिशातून किल्ली काढली.

"जागेश्वरभाऊ, तुमी आज मांगं बसा," ओमेश्वरी म्हणाली. "ऊन बरं हाये."

जागेश्वरने एकदा तिच्याकडे आणि एकदा टिकेशकडे पाहिले. किल्ली टिकेशच्या काळवंडलेल्या तळव्यावर ठेवून तो डाल्यात चढला.

ओमेश्वरी आपल्या जागेवर जाऊन बसली होती. टिकेश तिच्या दारापाशी आला.

"तूही मांगं बस," तो म्हणाला.

"मले वारं लागते तिथं," ती म्हणाली, आणि दार ओढून घेतले.

तो गाडीला पुढून वळसा घालून आला. बराच वेळ नुसताच स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मग इंजिन सुरू झाले.

देवरीच्या रस्त्याला लागल्यावर धानाची पोती भरलेला एक ट्रॅक्टर त्यांच्या पुढे निघून गेला. थोड्या वेळाने मागून एक सायकलवाला आला. कॅरिअरवर चाऱ्याचा भारा, अंगावर शाल. तोही पुढे गेला आणि जाता जाता वळून, गाडीला काय झाले असावे, अशा नजरेने पाहू लागला.

टिकेशची नजर रस्त्यावरून हलली नाही. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

ओमेश्वरीने दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवले आणि समोर पाहतच म्हणाली,

"अजी, जरा हळू घ्या. आपल्याले कायची घाई हाये?"