आत कोणी जायचं

"बाबा, अजराबरोबर तुम्ही आत जा," मुग्धा म्हणाली.

हेल्मेटमुळे आपल्या ऐकण्यात चूक झाली, असंच सुरेशला वाटलं. समोरच्या खोलीच्या दारातून काळा धूर लोळत बाहेर येत होता. रास अल खैमाच्या डोंगरावरच्या त्या रिसॉर्टमध्ये छपराखाली मशीनच्या बर्फाचा भलामोठा उतार होता. दुबई-शारजाची माणसं स्कीइंग करून गेली, की त्यांचे ओले कोट आणि हातमोजे या खोलीत हीटरवर वाळत घालायचे. ते काम अन्वरीआपाचं. पाहुणे सगळे बाहेर आले होते, स्टाफ आला होता. अन्वरीआपा तेवढी दिसत नव्हती.

"मी? अगं, सुजीत कुठाय?"

"सुजीत सुट्टीवर. तहा पंपावर. अजराला एकटीला मी पाठवणार नाही, आणि कॅप्टन आत जात नाही. यल्ला, चला बाबा, मास्क!"

खालच्या शहरातून सरकारी बंब यायचा म्हणजे सगळा घाट चढून यायचा. म्हणून डोंगरावर राहणाऱ्यांपैकीच काही जणांनी ट्रेनिंग घेऊन, नोकऱ्या सांभाळून, आपलं पथक उभं केलं होतं. मुग्धा तिथे बर्फाच्या मशीनवर इंजिनिअर. पथकात ती पहिल्यापासून होती, आणि धुरात शिरायला सगळ्यांच्या पुढे. सुरेश शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या गोदामातून रिटायर झाला आणि बायकोला, छायाला घेऊन लेकीकडे राहायला आला. आल्या आल्याच त्याने लेकीला काजळी माखलेल्या तोंडाने घरात शिरताना पाहिलं.

"ही काही ऐकायची नाही," तो छायाला म्हणाला. "मग मीच जातो तिच्याबरोबर."

मेडिकल पास झाला, ट्रेनिंग केलं. हेतू एकच. लेक धुरात शिरायला लागली, की तिला धरून मागे ओढायचं. पुढे तीच कॅप्टन झाली. कॅप्टनने बाहेर थांबून वॉकीटॉकीवर हुकूम द्यायचे असतात. सुरेशच्या जिवात जीव आला होता.

आणि आज ती त्याच्या मास्कचा पट्टा कचकचून आवळत होती. त्याच्याकडे न बघता.

आत डोळे असून नसल्यासारखे होते. तो गुडघ्यांवर रांगत निघाला. मागे अजरा पाण्याचा पाइप ओढत होती. ती एरवी पोरांना स्की शिकवायची. आता तिचा श्वास त्याला मास्कमधून घरघरताना ऐकू येत होता. कानात मुग्धाचा आवाज होता, रोजच्यासारखा, वाण्याला सामान सांगावं तसा.

"डावा हात भिंतीवर. बाबा, उत्तर द्या."

"आहे."

"इस्त्रीचं टेबल लागेल. त्याच्या पलीकडे बघा."

टेबल लागलं. पलीकडे काही नव्हतं. सुरेश तसाच पुढे सरकला आणि त्याच्या हाताला एक चप्पल लागली. मग पाऊल.

"सापडली! श्वास आहे."

तेवढ्यात मागे काहीतरी कडाडलं. कोट टांगायची लोखंडी दांडी सगळ्या पेटत्या कोटांसकट खाली आली होती. ते आले त्या वाटेवर आता जाळ उभा होता. अजराने पाण्याचा झोत तिकडे धरला, पण जाळ मागे हटेना.

"मुग्धा, मागची वाट बंद झाली."

वॉकीटॉकी नुसती खरखरली. सुरेशला वाटलं, बिघडली. मग आवाज आला. तसाच, सरळ.

"अन्वरीआपा स्नो हॉलच्या दाराकडे निघाली असणार. दार तुमच्या समोरच आहे. ग्लोव्ह काढून हात लावून बघा. गरम आहे का?"

"नाही. गारठलंय."

"मग उघडा. तिघंही बाहेर पडा आणि दार ताबडतोब ओढून घ्या. आता!"

सुरेशने खांद्याने दार ढकललं. पांढरा लख्ख उजेड आणि थंडीचा झोत एकदमच अंगावर आला. अन्वरीआपाला काखेत धरून तो बर्फावर आडवा झाला. अजराने पाइप टाकून उडी घेतली आणि पायानेच दार लोटलं. त्या रिकाम्या उतारावर तिघं पडून राहिले. मग अन्वरीआपा खोकली, बर्फावर काळं काहीतरी थुंकली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मेरा चश्मा अंदर रह गया।"

अजरा हसता हसता रडायला लागली.

ते हॉलला वळसा घालून भर उन्हात आले, तेव्हा सरकारी बंब पोचला होता. खोली विझत आली होती. अन्वरीआपाला ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं. तहाने सुरेशला मिठीच मारली. छायाने गर्दीतून येऊन नवऱ्याला खांद्यापासून मनगटापर्यंत चाचपून पाहिलं, आणि मग पंपाच्या गाडीकडे बोट दाखवलं.

गाडीच्या आडोशाला मुग्धा जमिनीवर बसली होती. वॉकीटॉकी अजून तिच्या मुठीत होती. मूठ इतकी घट्ट आवळलेली होती, की सुरेशला शेजारी बसून तिचं एकेक बोट सोडवावं लागलं.

"शाबास," तो म्हणाला. "पण मला पाठवशील असं वाटलं नव्हतं गं."

"मलाही नव्हतं वाटलं." तिने बाहीने नाक पुसलं. "बाबा, मला कुठे कॅप्टन व्हायचं होतं? तुम्ही पथकात नाव घातलंत, त्याच आठवड्यात मी कॅप्टनच्या परीक्षेला बसले. आत कोणी जायचं, हे कॅप्टन ठरवतो ना. तुम्हाला कधीच पाठवायचं नाही, एवढ्यासाठीच झाले होते मी कॅप्टन."