डगमगती खुर्ची

सुतारमिस्त्रींची परीक्षा एकच: त्यांच्याच मुलाने बनवलेली डगमगती खुर्ची. नव्या कारागिराला तिच्यावर बसवून ते विचारायचे, "हिचं काय करशील?" प्रत्येकजण पाय तासायला रंधाच मागायचा. वर्षानुवर्षं शिकूनही हात न बसलेला मुलगा कोपऱ्यात करवत ओढत ऐकायचा. आज आलेल्या मुलीने खुर्ची वीतभर सरकवली, जराशी फिरवली आणि पुन्हा तिच्यावर बसली. खुर्ची ढिम्म हलेना. "फरशीच उंचसखल आहे, काका. हिची जागा बदला, झालं!" मिस्त्री बोलणार, तोच गिऱ्हाईक तणतणत आलं. मुलगा करवत टाकून धावला आणि बोलता बोलता त्याला हसवून आणखी एका कपाटाची ऑर्डर घेऊन आला. पाहतो तर करवत मुलीच्या हातात आणि खुर्ची गल्ल्यामागे. "आजपासून तू इथे बस," मिस्त्री म्हणाले. बसताच खुर्ची डगमगली. त्याने उठून ती जराशी फिरवली. मग ऐसपैस बसला.