गैरसोयीचं कार्ड

"काका, हे कार्ड आमच्याकडे कुणी मागत नाही," बँकेतल्या बाई म्हणाल्या.

"मग शिल्लक असेल ना?" वडिलांनी विचारलं.

टेबलावर दोन माहितीपत्रकं होती. निळ्या कार्डावर परदेशातल्या कुठल्याही मशीनमधून महिन्याभराचे पैसे एका दमात निघत आणि बँक त्यातला एक पैसाही कापत नसे. करड्या कार्डावर एका वेळी जेमतेम आठवड्यापुरते निघत, आणि दर वेळी बँक त्यातून आपला घास काढून घेई. निळ्या पत्रकावर समुद्रकिनारी हसणारं एक जोडपं होतं. करड्यावर नुसतंच कार्ड होतं. त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यायला कुणी तयार झालं नसावं.

मुलगी शेजारच्या खुर्चीत बसली होती. जुन्या कार्डाची मुदत संपली होती, परवाचं विमान होतं, आणि तिकडची घरमालकीण भाडं रोखच घ्यायची. मुलीला निळं हवं होतं. ते कुणालाही हवं असतं.

"बाबा, तुम्ही साधी भेंडी घेताना चार गाड्या फिरता. आणि इथे डोळे उघडे ठेवून खड्ड्यात उडी?"

"अगं, एकदम एवढे पैसे काढलेस आणि कुणी हिसकावले म्हणजे?"

"हिसकावायला माणसं लागतात. तिकडे रस्त्यावर चिटपाखरू नसतं."

वडिलांना हे नवीन होतं. त्यांनी करडं पत्रक आपल्याकडे ओढलं.

"थोडे थोडे काढले की हात आखडता राहतो," मग ते म्हणाले.

"हात आखडता आणि फी मात्र सढळ! ती कोण भरणार?"

"मी. पेन्शन माझी, मी काय वाटेल ते करीन."

"करा. तेवढ्या फीत माझा एक सिनेमा होईल दर महिन्याला." मुलगी बाईंकडे वळली. "आता तुम्हीच समजवा यांना." तेवढ्यात तिचा फोन वाजला. स्क्रीनवरचं नाव पाहून तिचा चेहरा उजळला आणि "दोन मिनिटं" म्हणून ती बाहेर गेली.

काचेच्या दारापलीकडे ती बोलत राहिली. मोकळा हात हवेत फिरत होता, मध्येच ती पोट धरून हसत होती. वडील बघत होते. तिला इतकं बोलता येतं हे त्यांना माहीत होतं. मध्यंतरी ऐकलं नव्हतं, एवढंच.

बाईंनी आवाज खाली आणला. "काका, रागावू नका. पण मुलीवर विश्वास नाही का?"

"म्हणजे काय, आहे की."

"मग हे काय काढलंय?"

वडिलांनी आधी दाराकडे पाहून घेतलं. "तिने पैसे काढले की माझ्या फोनवर मेसेज येतो ना?"

"येतो. खात्यावर पहिलं नाव तुमचं आहे."

"कुठल्या गावातून काढले, किती वाजता, तेही?"

"तेही येतं."

"निळ्यावर तो महिन्यातून एकदाच येणार."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"अहो, फोन नाही का करत ती?"

"मी केला की उचलते. कामात नसली तर. पण सारखा सारखा कोण करणार? आणि 'बरी आहे' यापलीकडे फोनवर कुणी काही सांगतं का?" ते किंचित पुढे झुकले. "मी पाणीपुरवठा खात्यात होतो. मीटर वाचायला. कुठल्या घरात कसं चाललंय, हे मला कधी विचारावं लागलं नाही. मीटर फिरतंय ना? मग माणसं बरी आहेत. थांबलं, तरच दार वाजवायचं."

"एवढ्या लांबचं दार कसं वाजवणार, काका?"

"ते नाही जमायचं," वडिलांनी कबूल केलं. "पण फिरतंय, एवढं तर कळेल."

मुलगी आत आली. हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. खुर्चीपर्यंत येता येता ते संपलं. "मग? काय ठरलं?"

"करडंच घे गं," बाई म्हणाल्या. "निळं कधी कधी तिकडच्या मशीनमध्ये अडकतं."

नोकरीच्या एवढ्या वर्षांत बाईंनी बँकेच्या फायद्याच्या पुष्कळ थापा बिनदिक्कत मारल्या होत्या. ही थापही बँकेच्या फायद्याचीच होती. पण ती मारताना त्यांना कॉम्प्युटरच्या आड तोंड लपवावं लागलं.

"असं असेल तर राहिलं," मुलीने सुस्कारा सोडला. "म्हणजे दर आठवड्याला त्या मशीनपर्यंत तंगडतोड माझीच."

"चालणं चांगलं असतं," वडील म्हणाले.

बाईंनी कीबोर्डवर बराच वेळ खटखट केली. मुलीने दोन ठिकाणी सह्या केल्या आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"शेवटचं एक," बाई म्हणाल्या. "मेसेज कुठल्या भाषेत पाठवायचे?"

"इंग्लिश," मुलगी मान वर न करता म्हणाली.

"नाही, नाही." वडील खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकले. "आपल्या भाषेत पाठवा. घरात आम्ही आपल्याच भाषेत बोलतो."