डाव्या बाजूचा मार

"सगळं उजव्याच बाजूला?" सिस्टर दिओसेलिनांनी कागद टेबलावर ठेवला. "ट्रकने माप घेऊन धडक दिली की काय?"

कागदावर नोराने दॉन सातुर्निनोच्या जखमा लिहिल्या होत्या. उजवा हात दोन ठिकाणी मोडलेला. उजवी मांडी मोडलेली. जबडा मोडून तारांनी बांधलेला. दॉन सातुर्निनो म्हणजे रात्री आठच्या टीव्ही मालिकेतला तोंडाळ ट्रकमालक. नोरा त्या मालिकेची लेखिका. सिस्टर बोगोतातल्या एका इस्पितळात बावीस वर्षं अपघात विभागात होत्या. लांबलेली रात्रपाळी संपवून त्या तिथल्याच कँटीनमध्ये काळी कॉफी आणि चीजचा पाव घेऊन बसल्या होत्या.

ही भूमिका करणारा एवेलिओ सांताक्रूस तीन आठवडे आजारी होता. निर्माता विल्मारने सकाळीच फोन केला होता. "घाटात गाडी घाल आणि मारून टाक त्याला. बाराच्या आत कागद हवा." पात्र मेलं की एवेलिओचा करार संपणार होता. त्याचं वय सदुसष्ट. पुन्हा कॅमेऱ्यासमोर त्याला कुणी उभं केलं नसतं. नोराला अपघात मान्य होता, मरण मान्य नव्हतं. आता अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"कुठे बसला होता हा?"

"आपल्याकडे ड्रायव्हर डावीकडे, हा त्याच्या शेजारी. म्हणून उजवीकडून मार."

"दॉन सातुर्निनो शेजारी बसेल? स्वतःच्या आईला गाडी चालवू दिली नाही त्याने." सिस्टर मालिका रोज बघत. "त्याच्या पुतणीची स्मृती तुम्ही दोनदा घालवलीत, नोराबाई. आमच्या वॉर्डात अजून हसतात."

"म्हणून तर तुमच्याकडे आले."

"मांडी ठीक आहे, महिनोन्महिने पडून राहील. पण जबड्याच्या तारा सहा आठवड्यांत निघतात. मग बोलेल तो."

"सहा आठवडे पुरणार नाहीत."

"किती हवेत?"

"माहीत नाही."

सिस्टरांचा घास हातातच राहिला. त्यांनी कागद पुन्हा जवळ ओढला आणि या वेळी सावकाश वाचला.

"त्याला कळतं सगळं?"

"सगळं."

"पण शब्द सापडत नाहीत."

"नाही."

"शिव्या देता येतात?"

नोराला हसू फुटलं आणि लगेच तिने डोळे पुसले. "फक्त शिव्याच येतात. तुम्हाला कसं कळलं?"

"शब्द गेले तरी त्या राहतात. बावीस वर्षं ऐकतेय." सिस्टरांनी आवाज खाली आणला. "हा कागद अपघाताचा नाही. हा माणूस तुम्ही पाहून आलात. मेंदूत गुठळी झालीय त्याला."

"एवेलिओला. चॅनेलला त्याच्या घरच्यांनी आणि मी निमोनिया सांगितलाय."

"हे काम तुम्हाला हवंय की त्याला?"

"परवा त्याच्या घरी गेले होते. डाव्या हाताने माझी पिशवी उघडली, उलटी केली, स्क्रिप्ट शोधलं. सापडलं नाही म्हणून मला जे काही ऐकवलं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही."

सिस्टरांनी ना हळहळ व्यक्त केली, ना धीर दिला. नोराच्या बोटांतून पेन काढून घेतलं आणि यादीतली एकेक ओळ खोडली. हात, मांडी, जबडा. तळाशी एकच ओळ लिहिली.

"हाडं मोडून हे जमणार नाही. एकच मार द्या, डोक्याला, डाव्या बाजूला. मेंदूच्या त्या भागाला लागलं की वाचाही जाते आणि उजवं अंगही. पट्टी डाव्या बाजूला. त्याला पुन्हा स्टिअरिंगवर बसवा आणि ट्रक डावीकडून येऊ द्या. मग एवेलिओला खोटं काहीच करावं लागणार नाही."

"आणि बरा व्हायला?"

"तुमचे भाग किती आहेत?"

"एकशे चाळीस उरलेत."

"मग रोज एक प्रसंग बोलायला शिकवण्याचा घाला. शिकवणारी बाई खरी आणा, नटी नको. आमच्याकडे आहे एक, फार कडक आहे."

नोरा कँटीनमध्येच लिहायला बसली. सिस्टर घरी गेल्या नाहीत. समोर बसून त्यांनी प्रत्येक पान तपासलं, उशीची जागासुद्धा बदलायला लावली. बाराला पाच कमी असताना इस्पितळाच्या फॅक्सवरून कागद विल्मारकडे गेला. बारा वाजून दोन मिनिटांनी विल्मारचा फोन आला.

"मेला नाही हा!"

"वाचला."

"आणि हे शेवटचं पान काय आहे? आठ वाजता पोरंबाळं बघतात, नोरा!"

"तेवढी एकच ओळ आता एवेलिओला येते."

एवेलिओबरोबर विल्मारने अकरा वर्षं काढली होती. मग कागद उलटल्याचा आवाज आला, आणि ते शेवटचं पान त्याने एक शब्दही न बदलता मोठ्याने वाचलं.

"इस्पितळ. सकाळ. दॉन सातुर्निनो डोळे उघडतो. मुलगी विचारते, बाबा, ओळखलंत का मला? दॉन सातुर्निनो : शिवी देतो. कापायची नाही."