प्रणितच्या गाडीची हवा

बॉनेटखालून रेवाने पाइप पुन्हा बाहेर काढला आणि फरशीवर ठेवला.

“वळण जमलं नाही,” ती म्हणाली.

“आधीच्याचंही जमलं नव्हतं,” देवेश म्हणाला. पनवेलच्या उरण नाक्याजवळच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकं सांभाळायचं काम त्याचं, नवऱ्याचं. डिझाइन सगळं रेवाचं. “बाजारात तयार मिळतो गं. लाव आणि मोकळी हो.”

“बाजारातला चालणार नाही. शिवाशेठना मी शब्द दिलाय.”

गाडी शिवाशेठच्या मुलाची होती. उलव्याच्या प्रणितला कोल्ड एअर इनटेक हवा होता. इंजिनाजवळची तापलेली हवा सोडून बंपरमागची गार हवा ओढायची, म्हणजे गाडी जोरात पळते. त्याच्या मित्रांच्या गाड्यांना तो होता, म्हणून त्यालाही हवा होता.

पण ऑर्डर द्यायला आधी आले ते शिवाशेठ, एकटेच. भातशेती विमानतळाला गेलेला, आता बांधकामाचा धंदा करणारा माणूस. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसत ते म्हणाले होते, “बाय, तुमी मोठं इंजिनिअरिंग शिकलेल्या हाव. माज्या पोराला पायजे ते तुमीच बनवून द्या. थोरला गेल्यापासून त्याला कशाला नाय म्हनवत नाय मला.”

देवेश तेवढंच ऐकून सुटे भाग आणायला निघून गेला होता. परत आला तेव्हा शिवाशेठ डोळे पुसत गाडीत बसत होते.

थोरला म्हणजे कल्पेश. उलव्याच्या नव्या रुंद रस्त्यावर मित्रांशी शर्यत लावताना त्याची गाडी दुभाजकावर गेली होती. पनवेलमध्ये हे कोणाला माहीत नव्हतं?

देवेशला तेच खुपत होतं. त्या संध्याकाळी वर्कशॉपचं शटर ओढताना त्याने विचारलंच.

“रेवा, त्याच्या भावाचं काय झालं ते ठाऊक असून तू हे करतेयस?”

“ठाऊक आहे म्हणूनच नीट करतेय.”

“नीट म्हणजे? तो हाच पाइप लावून त्याच रस्त्यावर जाणार.”

“जाईल,” रेवा म्हणाली. “तो जायचा थांबणार नाही, देवेश. म्हणून तर इतकी मेहनत.”

देवेशने शटरला कुलूप घातलं. बायको अशी दगडाच्या काळजाची असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

रेवाला मात्र दुसरं काही सुचत नव्हतं. फिल्टर तिने मुद्दाम उंचावर बसवला. साचलेलं पाणी ओढलं गेलं तर इंजिन खलास. मधे आवाज घुमवणारा पोकळ डबा जोडला. पाइपच्या गळ्याशी, हवा आत शिरते त्या अरुंद जागी, ती सगळ्यात जास्त झटली. थोडा इकडे, थोडा तिकडे, पुन्हा कापायचा, पुन्हा जोडायचा. बाजारातल्या गर्दीत, सिग्नलवरच्या संथ चालीत गाडी तसूभरही अडखळता कामा नये, हा तिचा हट्ट होता. कॉलेजात हवेच्या प्रवाहाचा विषय ती आवडीने शिकली होती. तो सगळा इथे पणाला लागला होता.

गाडीची ताकद मोजायचं यंत्र तळोज्याला होतं. तिथे ती एकटीच गेली. परतली ती चेहरा उजळूनच.

“आला! अगदी हवा होता तसा आकडा आला,” ती म्हणाली. “आजवर इतकं चांगलं काम मी केलेलं नाही.”

“अभिनंदन,” देवेश म्हणाला आणि चहा आणायला गेला.

प्रणित गाडी न्यायला आला. चकचकीत काळा पाइप बघूनच तो हरखला. गाडी सुरू करून त्याने ॲक्सिलरेटर दाबला, तशी बॉनेटखालून अशी गुरगुर उठली की समोरचा वडापाववाला तळणं सोडून बघत राहिला. प्रणित एक मोठी चक्कर मारून आला आणि दार उघडायच्या आधीच ओरडला, “ताई, विमान झालंय विमान! किती वाढली पॉवर?”

“आकड्यात काय आहे? तुला कशी वाटली?”

“बापरे! सीटला चिकटलो मी.”

रेवाची मान ताठ झाली. संध्याकाळपर्यंत त्याच्या दोस्तांचे फोन आले, आम्हालाही हाच इनटेक पाहिजे म्हणून. “या की,” ती प्रत्येकाला सांगत होती, “फक्त येताना घरातलं कोणी मोठं माणूस बरोबर आणा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवाशेठ आले. दारातच थांबले. देवेशने मान फिरवली. त्याला त्या बापाकडे बघवत नव्हतं.

“पोरगा लय खूश हाय,” शिवाशेठ म्हणाले. “रात्री जेवतानाबी तेच. दोस्तांम्होरं मिरवतो. त्याला काय कळलं तर नाय ना, बाय?”

“नाही. कळणारही नाही. आवाजच तसा दिलाय मी.”

“आन् पळते कशी?”

“आधीपेक्षा हळू, काका.”